मनाची तालीम
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लिखित मजकूर)



आरती झालेली आहे आणि महाप्रसाद व्हायचा आहे, अशा वेळी वक्त्याने किती वेळ बोलावं याचं भान मला आहे. स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास येतोय आणि तो माझ्या भाषणापेक्षा प्रभावी आहे हेही मला मान्य आहे. तेव्हा पाल्हाळ न लावता विषयाकडे वळते.

विषय आहे खेळाडूचं मन. मी मानसशास्त्र शिकवते, मैदानावर माझा वावर प्रेक्षक म्हणूनच असतो. तरी हा विषय मुद्दाम निवडला, कारण या दहा दिवसांत आपल्या मंडपात कॅरम, बुद्धिबळ, लिंबू-चमचा, धावण्याच्या शर्यती असं सगळं होतं, आणि मुलं खेळत असताना कडेला उभे राहिलेले आपण आई-बाबा, काका-मावशी काय काय बोलत असतो हे मी दरवर्षी ऐकते. आजचं बोलणं थोडंसं मुलांसाठी आणि बरंचसं आपल्यासाठी आहे.

सुरुवात आपल्या जयपूरच्याच मुलीपासून करू. अवनी लेखरा हे नाव इथे कोणाला सांगायला नको. २००१ साली जयपूरमध्ये जन्मलेली ही मुलगी २०१२ मध्ये मोटार अपघातात जायबंदी झाली. मणक्याला इजा झाली आणि चाकाची खुर्ची आयुष्याचा भाग झाली. मुलगी घरात मिटून बसू नये म्हणून वडिलांनी तिला खेळाकडे वळवलं. तिने धनुर्विद्या करून पाहिली, नेमबाजी करून पाहिली. अभिनव बिंद्राचं आत्मचरित्र वाचून ती नेमबाजीत रमली आणि २०१५ पासून आपल्या जगतपुरा भागातल्या शूटिंग रेंजवर सराव करू लागली. पुढे तिला प्रशिक्षक लाभल्या त्या सुमा शिरूर, पनवेलच्या, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठलेल्या नेमबाज. जयपूरची मुलगी आणि महाराष्ट्रातली गुरू, ही जोडी आपल्या मंडळाला जवळची वाटावी अशीच आहे.

३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये अवनीने १० मीटर एअर रायफलमध्ये २४९.६ गुणांसह सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. बरोबर तीन वर्षांनी, ३० ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तिने त्याच प्रकारात पुन्हा सुवर्ण मिळवलं, २४९.७ गुणांसह. या दुसऱ्या अंतिम फेरीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

आधी हे गुण म्हणजे काय ते समजून घेऊ. दहा मीटरवरच्या लक्ष्यावर मधोमध जो दहा गुणांचा ठिपका असतो तो अर्ध्या मिलिमीटरचा असतो. साबुदाण्याचा दाणासुद्धा त्याच्यापुढे मोठा. एका छऱ्याला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळू शकतात. अंतिम फेरीत एकूण चोवीस छरे. २४९.७ ला २४ ने भागा, प्रत्येक छऱ्याला सरासरी १०.४ येते. म्हणजे चोवीस वेळा, घड्याळ चालू असताना, मागे प्रेक्षक असताना, एकेक स्पर्धक बाद होत असताना, हात त्या ठिपक्यापाशीच राहिला पाहिजे.

तेवीस छरे संपले तेव्हा अवनी दुसऱ्या क्रमांकावर होती. दक्षिण कोरियाची ली युनरी ०.८ गुणांनी पुढे होती. या खेळात एका छऱ्यात ०.८ म्हणजे मोठं अंतर. शेवटचा छरा. ली युनरीला ६.८ मिळाले. अवनीने १०.५ घेतले. सुवर्ण इकडे आलं, रौप्य तिकडे गेलं. कांस्य मिळवणारी मोना अगरवालही राजस्थानचीच. तो दिवस या शहरात फटाक्यांचा होता.

पण मला त्या ६.८ बद्दल बोलायचं आहे. ली युनरी काही नवखी नव्हती. तेवीस छरे तिने अवनीपेक्षा सरस मारले होते. तिच्या हाताची ताकद, डोळ्याची दृष्टी, रायफल, काहीही एका मिनिटात बदललेलं नव्हतं. त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं होतं ते तिलाच ठाऊक, आपण त्याचा निवाडा करू नये. परंतु जागतिक दर्जाच्या खेळाडूचा एकच, तोही शेवटचा प्रयत्न असा घसरतो तेव्हा शरीरापलीकडे काहीतरी आहे, एवढं तर कोणीही मान्य करेल.

अशी उदाहरणं या खेळात बरीच आहेत. अमेरिकेचा मॅट एमन्स २००४ साली अथेन्सला तीन स्थितींच्या रायफल स्पर्धेत शेवटच्या गोळीआधी तीन गुणांनी पुढे होता. त्याने शेवटची गोळी मारली, पण शेजारच्या स्पर्धकाच्या लक्ष्यावर. शून्य गुण, आणि पहिल्या क्रमांकावरून थेट आठव्या क्रमांकावर. चार वर्षांनी बीजिंगला तोच प्रकार, तोच माणूस, पुन्हा शेवटच्या गोळीआधी पहिला. सुवर्णासाठी साधारण गोळीही पुरली असती. चाप लवकर ओढला गेला, ४.४ मिळाले, चौथा क्रमांक. आणि आता पुढचं ऐका, कारण ते तितकंच महत्त्वाचं आहे. २०१२ साली लंडनला तो पुन्हा उभा राहिला आणि त्याच स्पर्धेत कांस्यपदक घेऊन गेला.

त्याच बीजिंगमध्ये आपल्या अभिनव बिंद्राची गोष्ट उलट घडली. अंतिम फेरीआधीच्या चाचणीच्या छऱ्यांमध्ये त्याच्या लक्षात आलं की रायफलचा नेम भलतीकडेच जातो आहे. चिडायला, घाबरायला यापेक्षा मोठं कारण कुठलं हवं? त्याने ते सारं बाजूला ठेवलं, नेमाचं यंत्र जुळवून घेतलं आणि कामाला लागला. शेवटच्या छऱ्याआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हाकिनेन बरोबरीत होते. हाकिनेनला ९.७ मिळाले. बिंद्राने १०.८ घेतले. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण.

अशा वेळी आपण म्हणतो, "काय जिगर आहे! हे रक्तातच असावं लागतं." आपलं हे म्हणणं मला पटत नाही. आज इथून जाताना एकच गोष्ट बरोबर न्यायची असेल तर ती ही न्या, की मनाचा हा कणखरपणा सरावाने येतो. दंड-बैठकांनी दंड होतात, तसाच. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्याला तालीम म्हणतात आणि सरावालाही तालीम म्हणतात. मनालाही तालीम असते. समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचले आणि आपल्या आजी-आजोबांनी ते रोज संध्याकाळी म्हणून घेतले. एकदा सांगून मन ऐकत नाही, त्याला रोज सांगावं लागतं, हे आपल्या घरांना आधीपासून माहीत आहे.

मग दडपणाखाली नेमकं बिघडतं काय? दोन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट, तार जास्त ताणली जाते. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले होते. त्यातून पुढे जो विचार विकसित झाला तो तंबोऱ्याच्या भाषेत सांगते. तार सैल असेल तर सूर लागत नाही. फार ताणली तर तुटते. मधला कुठला तरी ताण योग्य असतो. तो ताण प्रत्येक कामाला वेगळा. पैलवानाला किंवा वजन उचलणाऱ्याला अंगात वीज खेळलेली चालते, उपयोगी पडते. नेमबाजाला, बुद्धिबळपटूला, कॅरमच्या राणीवर नेम धरणाऱ्याला तेवढी वीज सोसत नाही. म्हणून सगळ्यांना सरसकट "जोश दाखव, जोश!" म्हणणं चुकीचं आहे. शिवाय प्रत्येक माणसाची तारही वेगळी असते.

दुसरी गोष्ट, लक्ष चुकीच्या जागी जातं. ते एक तर निकालाकडे पळतं, म्हणजे पदक, लोक काय म्हणतील, घरी काय सांगू, इकडे. नाहीतर ते स्वतःच्याच हालचालींवर पहारा करायला बसतं. हा दुसरा प्रकार फारसा कोणाला माहीत नसतो. सायन बाइलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवर प्रयोग केले. मुरलेल्या खेळाडूंना चेंडू मारताना स्वतःच्या हालचालीवर बारीक लक्ष ठेवायला सांगितलं, तर त्यांचा खेळ बिघडला. नवशिक्यांना मात्र तसं लक्ष देण्याचा फायदा झाला. इथे बसलेल्या माझ्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. तीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या बाईला कोणी विचारलं, "काकू, लाटणं फिरवताना जोर अंगठ्याचा की तळव्याचा?" आणि काकू विचार करत लाटू लागल्या, की पोळीचा नकाशा झालाच म्हणून समजा. हाताला येतं ते हाताला करू द्यावं. मनाने त्यात लुडबुड केली की घोटाळा.

आता तुम्ही म्हणाल, निकालाचा विचार करू नये, हालचालीचाही विचार करू नये, तर मनाने करावं काय? मन रिकामं तर राहत नाही. अगदी बरोबर. "घाबरू नकोस" असं सांगून कोणाची भीती गेलेली नाही. मनाला एक छोटंसं, हातात धरता येईल असं काम द्यावं लागतं. खेळाच्या मानसशास्त्रात जी कौशल्यं शिकवतात ती सगळी, माझ्या मते, मनाला योग्य वेळी योग्य ते छोटं काम देण्याच्या युक्त्या आहेत. त्यातल्या चार सांगते. चारही फुकट आहेत.

पहिली युक्ती श्वासाची. भीती वाटते तेव्हा छातीत धडधडतं आणि श्वास वर-वर चालतो. हृदयाला आपण हुकूम देऊ शकत नाही, श्वासाला देऊ शकतो. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला की हृदयाची गती थोडी उतरते. मनातल्या मनात चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. चार-पाच वेळा पुरे. पण हे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही. रोज झोपण्यापूर्वी करायचं, म्हणजे शर्यतीच्या दिवशी ते आपोआप हाताशी येतं.

दुसरी युक्ती क्रमाची. प्रत्येक प्रयत्नाआधी त्याच गोष्टी त्याच क्रमाने करायच्या. फलंदाज बॅट दोनदा आपटतो, हातमोज्याचा पट्टा सैल करून पुन्हा घट्ट करतो, पंचाकडे पाहतो, ते सगळं सवयीचं आणि कामाचं असतं. आपण पूजा करताना आचमन, संकल्प, आवाहन असा क्रम ठेवतो. क्रम सुरू झाला की मन हळूहळू बाहेरून आत येतं. खेळाडूचा क्रम तेच काम करतो. पहिला प्रयत्न असो की शेवटचा, क्रम तोच राहिला तर मनाच्या दृष्टीने शेवटचा प्रयत्न "शेवटचा" उरतच नाही, तो आणखी एक प्रयत्न होतो.

तिसरी युक्ती नजरेची. कॅनडातल्या जोन व्हिकर्स या संशोधक बाईंनी खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. कसलेला खेळाडू चेंडू टाकण्यापूर्वी किंवा नेम धरण्यापूर्वी एकाच ठिकाणी नजर जरा जास्त वेळ स्थिर ठेवतो. कच्च्या खेळाडूची नजर भिरभिरते. मुलांनो, तुमच्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीत दरवर्षी काय होतं आठवा. जो शेजारच्याकडे बघतो त्याचं लिंबू पडतं. जो लिंबाकडे बघतो तो पोचतो. व्हिकर्सबाईंचं सगळं शास्त्र त्या लिंबात आहे. अर्जुनाला पोपटाचा डोळा तेवढा दिसला ही गोष्ट आपण नेहमी "ध्येय ठेवा" म्हणून सांगतो. मला तिच्यात आणखी एक दिसतं. द्रोणाचार्य शाबासकी देतील का, भाऊ काय म्हणतील, हेही त्याला त्या क्षणी दिसलं नाही.

चौथी युक्ती स्वतःशी बोलण्याची. आपण सगळेच मनात स्वतःशी बोलत असतो, आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याशी बोलणार नाही इतकं वाईट बोलतो. "गाढवा, पुन्हा चुकलास!" हे वाक्य आपल्या मनात दिवसातून किती वेळा येतं ते मोजून पाहा. ते वाक्य बदलून तिथे एक छोटं, करता येईल असं वाक्य ठेवायचं. "खांदे सैल." "चेंडू बघ." "आता हा एक." अवनीनेही टोकियोनंतर हेच सांगितलं होतं, की ती मनाशी एका वेळी एकाच छऱ्याचा विचार करत होती. पुढचा नाही, मागचा नाही, हा.

या सगळ्याला कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचं शास्त्र. त्यांना मी एक मराठी नाव सांगते, नाशिकचे भीष्मराज बाम. पोलीस सेवेतले वरिष्ठ अधिकारी, स्वतः नेमबाज. योगाचा अभ्यास आणि आधुनिक मानसशास्त्र यांची सांगड घालून त्यांनी खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेतली. अंजली भागवत, राहुल द्रविड यांसारख्या खेळाडूंनी त्यांचं मार्गदर्शन घेतलं. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंजली भागवत अंतिम फेरीत पोचल्या, तेव्हा आपल्याकडे नेमबाजी कोणी टीव्हीवर पाहतही नव्हतं. द्रविडला तर जयपूरकरांनी सवाई मानसिंह स्टेडियमवर राजस्थान रॉयल्सचा कर्णधार म्हणून जवळून पाहिलेलं आहे. २०१७ साली बामसरांचं निधन झालं. पतंजलींनी मन आवरण्यासाठी अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी सांगितली आहे. खेळाडूच्या भाषेत अभ्यास म्हणजे रोजचा सराव, आणि वैराग्य म्हणजे प्रयत्न चालू असताना फळावरची नजर काढून घेणं. मघाशी मी तासभराचं शास्त्र चार युक्त्यांत सांगितलं, त्या दोन शब्दांत ते सगळं मावतं.

आता आपल्या कोल्हापूरकडे जाऊ. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे स्वप्नील कुसाळेचं गाव. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी आणि पन्नास मीटर रायफलची साधना. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षं खेळूनही ऑलिम्पिकचं दार त्याला अठ्ठाविसाव्या वर्षी उघडलं. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पदकाच्या अगदी जवळ असताना एक नेम घसरला आणि पुन्हा वैयक्तिक चौथा. चौथा क्रमांक ही फार बोचरी जागा आहे. सातव्या क्रमांकाचा माणूस रात्री झोपतो, चौथ्याचा जागा राहतो.

१ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी. गुडघ्यावर बसून नेम धरायचा टप्पा संपला तेव्हा स्वप्नील सहावा होता. पालथं झोपून मारण्याचा टप्पा संपला तेव्हा पाचवा. उरला होता उभं राहून मारण्याचा टप्पा, तिन्हींत सगळ्यात अवघड. तिथे तो एकेक पायरी चढत तिसऱ्या क्रमांकावर आला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळवणारा पहिला भारतीय. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, त्याही मराठी आणि त्याही अथेन्सच्या ऑलिम्पियन. मला त्या पदकाइतकंच त्या सहाव्या क्रमांकाचं कौतुक वाटतं. सहावा असताना मागचे दोन "चौथे" आठवले नसतील असं नाही. आठवले असतील. ते आठवत असतानाही पुढचा नेम नीट धरता येणं, याला मी मनाची तालीम म्हणते. भीती गेलेली नसते. ती शेजारी उभी असते आणि आपण आपलं काम करत असतो.

सांघिक खेळातही हेच. १९ डिसेंबर २०२० ला अॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. कर्णधार विराट कोहली घरी परतणार होता. धुरा आली आपल्या डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेकडे. पुढच्याच मेलबर्नच्या सामन्यात त्याने ११२ धावा केल्या, भारत जिंकला, आणि जानेवारी २०२१ मध्ये मालिकाही जिंकला. छत्तीसचा आकडा पुसता येत नाही. पण तो आकडा पुढच्या सामन्यात बरोबर न्यायचा की नाही हे ठरवता येतं.

इथपर्यंत खेळाडूंचं झालं. आता कडेला उभे असलेल्या आपल्या लोकांचं.

१८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अमेरिकन संशोधकाने चाळीस मुलांना गळाच्या दोरीचं रीळ फिरवायला दिलं, कधी एकट्याने, कधी दुसऱ्या मुलाच्या चुरशीत. चुरशीत वीस मुलं जास्त वेगाने फिरवू लागली. दहांवर फारसा फरक पडला नाही. आणि दहा मुलं चुरशीने इतकी गडबडली की त्यांचा वेग कमी झाला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. कडेने "पळ, पळ, त्याच्या पुढे जा!" असं ओरडताना आपलं मूल त्या वीसातलं आहे की त्या दहातलं, हे आपल्याला माहीत असतं का?

आपण परमुलखात आलेली माणसं. कोणी पिढीजात गलाईच्या व्यवसायासाठी, कोणी बँकेच्या बदलीवर, कोणी रेल्वेत, कोणी विद्यापीठात. आपल्या मनात नकळत एक असतं, की इथे आपलं फारसं कोणी नाही, तेव्हा मुलांनी नाव काढलं पाहिजे. ही भावना वाईट नाही. या भावनेनेच आपण इथे पाय रोवले आणि घरं बांधली. पण ती आपण मुलाच्या खांद्यावर ठेवतो तेव्हा त्या मुलाला लिंबाबरोबर आपलं सगळं घराणं चमच्यात धरून पळावं लागतं. लिंबू पडेल नाहीतर काय?

मुलं हरून येतात तेव्हा आपण स्कूटरवर बसल्याबसल्या विचारतो, "कितवा आलास? पहिला कोण आला?" मग त्या पहिल्याच्या आईवडिलांची चौकशी. मी तुम्हाला तीन वेगळे प्रश्न देते. "मजा आली का?" "आज काय नवीन जमलं?" "पुढच्या वेळी काय वेगळं करून बघशील?" तिन्ही प्रश्नांची उत्तरं मुलाच्या हातात आहेत. क्रमांक त्याच्या हातात नाही, तो इतर मुलं कशी खेळली यावरही ठरतो. आणि कधीकधी काहीच विचारू नका. वाटेत कुल्फी खा आणि घरी या. आपण जिंकलो तरच घरचं प्रेम मिळतं असं ज्या मुलाला वाटतं, त्याच्यासाठी प्रत्येक सामना म्हणजे घरातल्या जागेची परीक्षा होते. अशा मुलाला श्वासाच्या कितीही युक्त्या शिकवा, उपयोग नाही.

हे परीक्षांनाही लागू आहे. आपल्याच राज्यात कोट्याला हजारो मुलं शिकायला येतात, आपल्यापैकी काहींचीही तिथे असतील. त्यांच्याशी फोनवर बोलताना पहिला प्रश्न "टेस्टमध्ये किती?" हा नसावा, एवढं आजपासून करू या.

शेवटचा मुद्दा, आणि तो मी आवर्जून सांगते. मनाची तालीम म्हणजे सगळं गिळून हसत राहणं नव्हे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, अमेरिकेची जगज्जेती जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने ऐन स्पर्धेतून माघार घेतली. हवेत गिरक्या घेताना आपलं शरीर कुठे आहे याचं भान सुटतं आहे, हे तिला जाणवलं होतं. त्या खेळात असं झालं तर मान मोडू शकते. तिच्यावर खूप टीका झाली. तिने विश्रांती घेतली, उपचार घेतले आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये परत येऊन तीन सुवर्णं आणि एक रौप्य जिंकलं. पाय मुरगळला तर आपण लगेच हाडवैद्याकडे धावतो. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, आवडीच्या खेळाचंही नाव काढत नसेल, तर तेवढ्याच सहजपणे मनाच्या डॉक्टरकडे जावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि हेही लक्षात असू द्या, की मन कितीही तयार असलं तरी ते सरावाची जागा घेत नाही. ज्याने छरे मारलेच नाहीत त्याला श्वास मोजून पदक मिळत नाही. मन फक्त एवढंच करतं, की जे कमावलं आहे ते ऐनवेळी हरवू देत नाही.

माझी मंडळाला एक सूचना आहे. उद्या मुलांच्या स्पर्धा आहेत. सुरुवातीला सगळ्या मुलांना एका रांगेत उभं करून पाच वेळा चार-सहाचा श्वास घ्यायला सांगू या. आणि मैदानाच्या कडेला जी चुन्याची रेघ आखाल, तिच्या अलीकडे पालकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या, सूचना द्यायच्या नाहीत, असा नियम करू या. कार्यकारिणीला मान्य असेल तर त्या रेघेवर पहारा करायला मी स्वतः उभी राहीन. पहिल्या रांगेतली मुलं आत्ताच टाळ्या वाजवताहेत, त्याअर्थी ठराव मंजूर झाला असं मी समजते.



गणपती बाप्पा मोरया!